फळा नवा, तास जुना



लग्नसराईची धावपळ ओसरली आणि जून महिना डोळ्यांसमोर दिसू लागला की आपल्यातील अनेक कुटुंबांत आणि पेढ्यांवर एक विषय हमखास निघतो. आजोबांच्या नावे, आईच्या स्मरणार्थ किंवा दुकानाला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने गावच्या शाळेला काही द्यावयाचे असते. पूर्वी अशा वेळी वर्गखोली, पाण्याची टाकी, पंखे, ग्रंथालयाची कपाटे दिली जात. अलीकडे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते : स्मार्ट बोर्ड. विक्रेता दरपत्रक घेऊन येतो, मुख्याध्यापक आनंदाने होकार देतात, फळा भिंतीवर चढतो, त्याखाली दात्याच्या नावाची पट्टी लागते आणि छायाचित्र निघते.

या दानाविषयी अनुदारपणे बोलण्याचा माझा हेतू नाही. खेड्यातल्या मुलाला ज्वालामुखी कसा धुमसतो हे प्रत्यक्ष पाहावयास मिळावे, ही इच्छा चांगलीच आहे. प्रश्न पट्टी लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारचा आहे. त्या फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकाला, त्याचा उपयोग करून शिकवावे कसे, हे कोणी शिकविले, केव्हा शिकविले आणि कोणाच्या वेळात? दरपत्रकात या बाबीपुढे बहुधा ‘प्रशिक्षण : विनामूल्य’ एवढेच छापलेले असते. विनामूल्य या शब्दाचा अर्थ व्यापारी वाचकांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे विनामूल्य प्रशिक्षण म्हणजे काय, तर पुरवठादाराचा तंत्रज्ञ एके दिवशी दुपारी येतो. सर्व शिक्षकांना एका वर्गात बसवून तो फळा चालू कसा करावा, बोटाने कसे लिहावे, पुसावे कसे, साठवावे कसे, हे तासाभरात दाखवितो. हजेरीपत्रकावर सह्या होतात. तंत्रज्ञ आपले काम प्रामाणिकपणे करतो. तथापि त्याने शिकविले ते यंत्र चालविणे. अपूर्णांकांचा भागाकार सहावीच्या मुलांना या फळ्यावर अधिक चांगला कसा समजावा, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही आणि त्याला तो विचारूही नये.

शाळांमध्ये एक नोंदवही असते, तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. बोलीभाषेत डेड स्टॉक रजिस्टर. टेबले, खुर्च्या, घंटा, नकाशे यांच्याबरोबर प्रोजेक्टर आणि संगणकही तिच्यातच नोंदले जातात. हिशेबाच्या शास्त्राप्रमाणे ते योग्यच आहे. परंतु एखाद्या शाळेत जाऊन बंद कपाटातील प्लास्टिकचे आवरणही न काढलेली यंत्रे पाहिली, की ते नाव फार खरे वाटू लागते.

हा प्रश्न नवा मुळीच नाही. चलच्चित्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच भाकीत केले होते की शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत चित्रपट सारी शिक्षणपद्धती बदलून टाकील. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. अमेरिकेतील शिक्षण-इतिहासकार लॅरी क्युबन यांनी १९८६ मध्ये या साऱ्या प्रवासावर एक पुस्तक लिहिले. त्यात दिसणारा क्रम प्रत्येक वेळी जवळजवळ तोच आहे : आधी मोठी आश्वासने, मग खरेदी, मग वर्गात तुरळक वापर आणि शेवटी शिक्षकांवर दोषारोप. शिक्षकाला त्या खरेदीपूर्वी कोणी काही विचारले होते काय, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

आपल्या देशाचा इतिहास या बाबतीत थोडा अधिक शहाणपणाचा होता, असे म्हणावेसे वाटते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच पोहोचले. शेतीचे आणि मुलांचे कार्यक्रम सर्वांच्या लक्षात राहिले. पण त्याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही देण्यात आले, हे फारसे सांगितले जात नाही. केवळ पडदा लावून शिक्षकांना त्यासमोर बसविले नव्हते. पडद्यावरील कार्यक्रमाच्या जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते आणि प्रत्येक केंद्रावर मार्गदर्शक होता. पाहिलेला प्रयोग शिक्षक तेथेच, हाती मिळेल त्या साध्या वस्तूंतून स्वतः करून पाहत. आज पन्नास वर्षांनी, शतपट अधिक वेगवान साधने हाती असताना, आपण पडद्यावर विसंबतो आणि शेजारच्या मार्गदर्शकाला वगळतो.

केवळ यंत्रे वाटल्याने काय होते, याचा सर्वांत मोठा आणि नीट मोजलेला अनुभव दक्षिण अमेरिकेतला आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेखाली लाखो लॅपटॉप, विशेषतः ग्रामीण शाळांतील मुलांसाठी, खरेदी केले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. लॅपटॉपची संख्या वाढली, त्यांचा वापरही वाढला, सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी सुधारणाही दिसली; परंतु गणित आणि भाषा या दोन्ही विषयांतील गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. बँकेच्या माणसांनी केलेला अभ्यास म्हणून मला त्याचे विशेष वाटते असे नव्हे. पण खर्चाच्या बाजूला एवढी मोठी रक्कम आणि जमेच्या बाजूला मुख्य विषयांपुढे शून्य, असा ताळेबंद एका सरकारच्या बाबतीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

त्याच खंडातील उरुग्वे या छोट्या देशाने २००७ पासून अशीच योजना राबविली. तिचे नाव ‘प्लॅन सेबाल’. तेथेही नुसत्या लॅपटॉपमुळे वाचन-गणितात सुधारणा झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. मात्र त्यांनी पुढे जे केले ते पाहण्यासारखे आहे. प्राथमिक शाळांना इंग्रजीचे शिक्षक पुरेसे मिळत नव्हते, म्हणून २०१२ पासून ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने दूरस्थ इंग्रजी शिक्षण सुरू झाले. आठवड्यातील एक तास दूर बसलेला इंग्रजीचा शिक्षक पडद्यावरून घेतो. उरलेले दोन तास वर्गाचा नेहमीचा शिक्षक घेतो, ज्याला स्वतःला इंग्रजी नीट येत असेलच असे नाही. हे दोघे दर आठवड्याला आपसात बोलून पुढचा पाठ ठरवितात. मुलांबरोबर वर्गशिक्षकही शिकतो आणि मुलांसमोर शिकतो. त्याचे स्थान कोणी हिरावून घेतलेले नाही, कारण मुलांना तो ओळखतो आणि वर्ग त्याच्याच हातात असतो. यंत्र तेच, इंटरनेट तेच. फरक पडला तो शिक्षकाच्या शेजारी दुसरा शिक्षक आणून बसविल्याने.

येथे थोडे शास्त्रही सांगावे लागेल. मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन प्राध्यापकांनी २००६ मध्ये मांडलेला विचार आज जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात आधारभूत मानला जातो. शिक्षकाला विषय ठाऊक हवा, तो विषय मुलांपर्यंत पोहोचविण्याची रीत ठाऊक हवी आणि साधन ठाऊक हवे, हे तर कोणीही सांगेल. त्यांचे म्हणणे असे की ही तीन ज्ञाने सुटी सुटी असून भागत नाही; अमुक विषयातील अमुक अडचण, अमुक वयाच्या मुलांसाठी, अमुक साधनाने कशी सुटेल, हे एकत्र ज्ञान ही वेगळीच गोष्ट आहे. ते संगणकाच्या वर्गात मिळत नाही आणि बी.एड.च्या पुस्तकातही पुरते मिळत नाही. ते त्या विषयाचा पाठ प्रत्यक्ष घेता घेता येते.

उदाहरण घेऊ. विद्युत परिपथाचा धडा आहे. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ नावाचा एक प्रकल्प आहे. तेथे विज्ञान-गणिताचे पडद्यावर करावयाचे प्रयोग विनामूल्य मिळतात, त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत. (हे विनामूल्य मात्र खरोखरचे.) त्यात घट, तार, दिवा असे भाग बोटाने ओढून परिपथ जोडता येतो.

आता एक शिक्षक हा प्रयोग पडद्यावर उघडतात, एक घट आणि दोन दिवे एकसर जोडतात, दिवे लागतात, मुले ‘अरे वा’ म्हणतात आणि शिक्षक व्याख्या लिहून देतात. तास आनंदात गेला. दुसऱ्या वर्गातील बाई तेच चित्र उघडतात, सारे भाग जोडतात. पण शेवटची तार जोडण्यापूर्वी थांबतात. विचारतात, ‘दोन्ही दिवे सारखेच आहेत. घटाच्या जवळचा जास्त उजळेल, लांबचा जास्त उजळेल की दोन्ही सारखे?’ वर्गातील निम्म्याहून अधिक हात ‘जवळचा’ या उत्तराला वर होतात. मुलांची समजूत अशी असते की पहिला दिवा थोडी वीज खाऊन टाकतो आणि उरलेली पुढे जाते. ही समजूत जगभरच्या मुलांत आढळते. मोठ्यांतही ती कमी नाही. बाई प्रत्येकाला आपले उत्तर वहीत लिहावयास लावतात, मग तार जोडतात. दोन्ही दिवे सारखेच उजळतात. वर्ग क्षणभर गप्प होतो. मग एखादा मुलगा म्हणतो, ‘पण बाई, असे कसे?’ तेथून खरा तास सुरू होतो. त्यानंतर त्या टेबलावर खराखुरा घट आणि विजेरीतले दोन लहान दिवे काढतात, कारण पडदा काहीही दाखवू शकतो, हे मुलांनाही ठाऊक असते.

दोन्ही वर्गांत फळा एकाच किमतीचा होता. बाईंनी जे केले त्यासाठी कोठे थांबावे हे कळावे लागते आणि मुले नेमकी कोठे अडखळतात हे ठाऊक असावे लागते. ती थांबण्याची जागा कोणत्याही बटणावर लिहिलेली नसते. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याचा तास मागच्या बाकावर बसून पाहिल्याने, स्वतःचा तास त्याला दाखविल्याने आणि नंतर दहा मिनिटे दोघांनी बोलल्याने ती सापडते.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला या ठिकाणी एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, १९९३ मध्ये कर्मचारी संघटनांशी संगणकीकरणाचा करार झाला आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत जाडजूड खातेवह्या हळूहळू गेल्या. ते स्थित्यंतर सुखाचे नव्हते. तरीही ते पार पडले, याचे एक कारण असे की एका रात्रीत खातेवही काढून घेऊन यंत्र पुढे ठेवले गेले नाही. काही आठवडे दोन्ही चालत. हाताने लिहिलेली शिल्लक आणि यंत्राने काढलेली शिल्लक रोज संध्याकाळी जुळवून पाहिली जाई. ती जुळू लागली की हातांचा आणि मनाचाही विश्वास बसे. प्रशिक्षण केंद्रात जाऊन आलेला एखादा सहकारी शेजारच्या टेबलावर असे, त्याला हाक मारता येई. आणि प्रशिक्षणास गेलेल्या माणसाची जागा शाखेत दुसरा कोणी सांभाळत असे. निदान सांभाळणे अपेक्षित असे. शाळेतील शिक्षकाला यांपैकी काय मिळते? समांतर काळ नाही, शेजारी हाक मारण्यास कोणी नाही आणि तो प्रशिक्षणाला गेला की त्याचा वर्ग शेजारच्या वर्गात कोंबला जातो.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असे नाही. ‘दीक्षा’ हे अध्ययन-साहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याचे उद्दिष्ट देशातील सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे होते. महासाथीत शाळा बंद झाल्यावर २०२० मध्ये तो ‘दीक्षा’वर आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने दर वर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले. धोरण उत्तम आहे. अडचण वितरणाची आहे, आणि वितरण हा आपल्या वाचकांच्या जाणकारीचा विषय आहे. राष्ट्रीय तज्ज्ञांनी राज्याच्या तज्ज्ञांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याच्या, जिल्ह्याने तालुक्याच्या आणि तालुक्याने शेवटी शिक्षकाला. प्रत्येक टप्प्यावर माल थोडा गळतो. शेवटच्या पायरीवर पोहोचतात ती सरकचित्रे आणि एक प्रश्नावली, जी सोडविली की प्रमाणपत्र मिळते. रात्री जेवणानंतर मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून शेजारी वह्या तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्येच या विषयातील अभ्यास तपासून सांगितले होते की व्याख्यान, प्रात्यक्षिक, सराव आणि त्यावरचा अभिप्राय यांच्या जोडीला वर्गात परतल्यावर लाभणारी सहकाऱ्याची सोबत असावी लागते. व्याख्यानाने माहिती वाढते. वर्गातील वागणूक बदलावयाची तर ती सोबत आवश्यक ठरते. आपल्याकडील बहुतेक खर्च पहिल्या पायरीवरच आटोपतो.

उलट, शिक्षक स्वतः गरजेतून तंत्राकडे गेला की काय होते, ते सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीने दाखविले. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तेथील जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, शेजारी गुरांचा गोठा. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. डिसले आधी कन्नड शिकले. मग पाठ्यपुस्तकांतील मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्यांतून कवितांचे ध्वनिमुद्रण, चित्रफिती, गोष्टी आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे कोड छापले जाऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. वर्तमानपत्रांत क्यूआर कोडची चर्चा फार झाली. मला त्याआधीचे कन्नड शिकणे अधिक महत्त्वाचे वाटते. मूल कोठे अडले आहे हे त्यांनी आधी पाहिले होते, म्हणून हाती आलेल्या साध्या तंत्राला नेमके काम देता आले.

प्रत्येक शिक्षक असा नसतो आणि तशी अपेक्षाही अन्यायाची होईल. बऱ्याच शिक्षकांच्या मनात ‘तंत्रज्ञान’ या शब्दाचे चित्रच वेगळे आहे. त्यांच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे पोषण आहाराची रोजची नोंद, ‘सरल’मधील विद्यार्थ्यांची माहिती, ‘यू-डायस’चे तक्ते आणि मोबाइलच्या गटावर रात्री दहा वाजता आलेली ‘तातडीने सादर करा’ ही सूचना. ज्या यंत्राने आजवर केवळ काम वाढविले, त्याच यंत्राकडे तो उद्या उत्साहाने कसा पाहील? शिवाय वयाच्या पन्नाशीतील शिक्षकाला एक संकोच असतो, जो तो बोलून दाखवीत नाही. चाळीस मुलांसमोर फळा अडला आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलाने उठून तो चालू केला, तर आपली पत राहील काय? उरुग्वेतील वर्गशिक्षक मुलांसमोर शिकू शकतो, कारण तसे ठरवून दिलेले आहे. आपल्याकडे ते ठरवून देण्याचे काम मुख्याध्यापकांचे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थापनाचे आहे. त्या मुलाला ‘फळाप्रमुख’ नेमून टाकले की संकोचही संपतो आणि मुलगाही खूश होतो.

खरे तर या वयस्क शिक्षकांपाशी जे आहे ते विकत मिळत नाही. कोणत्या धड्यात, कोणत्या ओळीवर मुले चुकतात हे त्यांना पाठ असते. नवा तरुण शिक्षक यंत्रावर सफाईने बोटे फिरवितो. पण चूक कोठे होते हे त्याला अजून उमगलेले नसते. या दोघांची जोडी लावून दिली तर बाहेरून फारसा तज्ज्ञ आणावाही लागत नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी मिनिटभरात प्रश्नपत्रिका तयार होते. त्यातील तिसरा प्रश्न चुकीचा आहे आणि सातवा आठवीच्या मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे ओळखण्यास तोच जुना शिक्षक लागतो.

आपल्या महाराष्ट्रात या विचाराला परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याचे त्यांचे प्रसिद्ध महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चे. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९३५ मध्ये, त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय काढले होते. जवळ पैसा तुटपुंजा असताना त्यांनी आधी कशावर खर्च केला, हे आजच्या दात्यांनी पाहण्यासारखे आहे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा, दहा वर्गांसाठी दीड लाखाचा एक याप्रमाणे पंधरा लाखांचे दान ठरले आहे. त्याऐवजी सहा वर्गांत फळे लावले तर नऊ लाख लागतील आणि सहा लाख उरतील. ते तीन वर्षांवर विभागले तर वर्षाला दोन लाख, म्हणजे शाळेचे दहा महिने धरून महिन्याला वीस हजार. यातील बारा हजारांत एखाद्या निवृत्त शिक्षकाला अर्धवेळ मानधनावर बोलाविता येईल; तो तास घेईल तेव्हा नेहमीचे शिक्षक मोकळे होतील. पाच हजार महिन्यातून दोनदा येऊन शिक्षकांचे तास पाहणाऱ्या विषयतज्ज्ञाला. तीन हजार इंटरनेट, दुरुस्ती आणि वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटरीसाठी. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के दराने घसारा धरतात. तिसऱ्या वर्षाअखेरीस पंधरा लाखांच्या यंत्रांची पुस्तकी किंमत सव्वातीन लाखांच्या आत येते. दुसऱ्या मार्गाने गेल्यास त्याच काळात शाळेतील बहुतेक शिक्षकांचे शंभर-सव्वाशे तास एकमेकांच्या वर्गात बसण्यात गेलेले असतील, आणि ती जमा कोणत्याही नोंदवहीत नसली तरी पुढची वीस वर्षे वापरात राहील.

अडचणी आहेत. अनुदानित शाळेत मानधनावरील नेमणूक करताना शिक्षण विभागाचे नियम पाहावे लागतील. बदली होऊन शिकलेला शिक्षक निघून जाईल, ही तक्रार विश्वस्त हमखास करतात. तो ज्या शाळेत जाईल तेथील मुलेही आपलीच आहेत, असे म्हणून ती सोडून द्यावी. आणि नावाच्या पट्टीचा प्रश्न राहतोच. मोकळ्या तासिकेवर पट्टी लावता येत नाही. दानशूर घराण्यांना ही गोष्ट सांगताना संकोच वाटतो, तरी सांगावी लागते. वार्षिक अहवालात ‘अमुक कुटुंबाच्या साहाय्याने शिक्षक-अभ्यास तासिका’ असा उल्लेख मुख्याध्यापक आनंदाने करतील.

विश्वस्त म्हणून आपण काय विचारावे, हेही महत्त्वाचे. किती शिक्षक प्रशिक्षित झाले आणि फळा आठवड्यात किती तास चालू होता, हे आकडे सहज मिळतात आणि काहीच सांगत नाहीत. चित्रपट लावूनही फळा चालू राहतो. त्यापेक्षा तिमाही सभेत एका शिक्षकाला बोलावून विचारावे की या तीन महिन्यांत कोणता एक धडा आपण निराळ्या रीतीने शिकविला आणि मुलांच्या वहीतील कोणती चूक त्याने कमी झाली. शक्य झाल्यास त्या मुलांच्या दोन वह्या, आधीची आणि नंतरची, टेबलावर मागवाव्यात. ताळेबंद वाचणाऱ्या माणसाला वही वाचणे कठीण जाऊ नये.

एक व्यावहारिक सूचना उरते. शाळेचे वेळापत्रक जूनच्या आरंभी बनते. एकाच विषयाच्या दोन शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका एकाच वेळी मोकळी मिळावी, अशी मांडणी त्याच वेळी करता येते. एकदा ते कार्यालयाच्या भिंतीवर लागले की त्यात हात घालणे मुख्याध्यापकांना फार जड जाते. तेव्हा दरपत्रकावर सही करण्यापूर्वी, याच महिन्यातील विश्वस्त सभेत, मुख्याध्यापकांना कोरे वेळापत्रक घेऊन बोलवावे आणि ती तासिका कोठे बसते ते त्यांच्यासमवेत पाहावे.